सीडी टांगल्या, तरी पिल्लू गेलंच

पावसाळा सरला की आमच्या कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘परसात जुन्या सीडी टांगा, घार फिरकणार नाही. रात्री खुराड्याला कोंबडीजाळी पुरे. कडेने थायमेट टाका, साप-मुंगूस येत नाही. कोंबड्या शंभर टक्के सुरक्षित!’

सीडी नव्याने लकाकतात तेव्हा घार बिचकते, हे खरं. पण चार-आठ दिवसांत तिला कळतं की हे नुसतं हलतं, करत काही नाही. आमच्या पेरूवर सहा होत्या. त्यांच्याखालूनच पिल्लू गेलं. (सीडी अजून आहेत. शेजारी कावळे बसतात.)

आणि सगळं खापर घारीवरच का? तिचं स्वतःचं वजन किलोच्या आत, दीड किलोची कोंबडी ती काय उचलणार! ती आणि शिक्रा पिल्लं नेतात, तीही दिवसा, उघड्यावरून. सकाळी खुराड्यात मान फोडलेली तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) दिसली तर आभाळाकडे बघू नका, खालची फट शोधा. रात्री रानमांजर नाहीतर उदमांजर येऊन गेलेलं असतं. मुंगूस मात्र दिवसाढवळ्या येतं.

कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, बाकीच्यांना बाहेर नाही. ती पातळ तार कुत्रा दातांनी फाडतो आणि तिच्या भोकांतून साप सरळ आत जातो. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे जोड वेल्ड केलेली ताठ चौकटीची जाळी घ्या. ती जमिनीपाशी संपवू नका. बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट आडवी पसरून वर चिरे ठेवा. उकरणारं जनावर नेमकं कडेलाच उकरतं, तिथे पंजाला जाळी लागते.

थायमेटचं वाचून तर अंगावर काटा आला. थायमेट म्हणजे फोरेट, एक दाणेदार कीटकनाशक. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्याच्यावर बंदी आहे. कोंबडी दिवसभर बारीक खडे टिपते; हे विषारी दाणे ती सोडेल? शिवाय मुंगसाला, घारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना विष घालणं गुन्हा.

पिल्लं दोनेक महिन्यांची होईतो आम्ही त्यांच्यावर मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधतो, आणि आजूबाजूला झुडपं राखतो. आभाळात सावली दिसली की कोंबडी वेगळाच आवाज काढते आणि पिल्लं आडोशाला पळतात. मोकळं, झाडून लख्ख केलेलं अंगण असेल तर पळणार कुठे? दिवेलागणीला मोजून कोंडायच्या. ते काम आजीकडे. एक जरी कमी भरली तरी ताटं थांबतात.