डोमेन नाव नेमके कधी घ्यावे?

नवा व्यवसाय उभारताना डोमेन नावाचा, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचा, विचार बहुधा संकेतस्थळ बनवायची वेळ आल्यावर होतो. तोपर्यंत व्यवसायाचे नाव ठरलेले असते, बोधचिन्ह तयार असते, कधी कधी कंपनीची नोंदणीही उरकलेली असते. हा क्रम मला उलटा वाटतो. गूगलचे डोमेन १५ सप्टेंबर १९९७ रोजी नोंदवले गेले आणि कंपनी स्थापन झाली ती त्यानंतर जवळजवळ वर्षाने, सप्टेंबर १९९८ मध्ये.

मनातले डोमेन मोकळे असेल तर फार विचार करण्यासारखे काही नाही. नाव पक्के होईल त्याच दिवशी, समाजमाध्यमांवर घोषणा करण्याआधी, ते नोंदवून टाकावे. साध्या नोंदणीचे वार्षिक शुल्क इतके किरकोळ असते की पुढे नाव बदलले तरी हळहळ वाटू नये. मात्र ही नोंदणी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे, तर स्वतःच्या खात्यात असावी. (हे सांगावे लागू नये, पण लागते.)

खरा पेच पडतो तो हवे असलेले डोमेन आधीच दुसऱ्याच्या मालकीचे असते तेव्हा. अशा वेळी 'काहीही करून सुरुवातीलाच विकत घ्या' असा सल्ला हमखास मिळतो आणि तो मला पटत नाही. ज्या व्यवसायाला अजून ग्राहकच मिळालेले नाहीत, ज्याचे उत्पादन आणि कदाचित नावही वर्षभरात बदलू शकते, त्याने हाताशी असलेल्या भांडवलाचा मोठा हिस्सा एका पत्त्यात अडकवून ठेवू नये. फेसबुक २००४ मध्ये 'द फेसबुक डॉट कॉम' या पत्त्यावर सुरू झाले आणि आजचे डोमेन त्याने २००५ मध्ये दोन लाख डॉलर मोजून घेतले. ड्रॉपबॉक्सचा पहिला पत्ता 'गेटड्रॉपबॉक्स डॉट कॉम' असा होता. दुय्यम पत्त्यामुळे दोघांचेही काही अडले नाही.

पण म्हणून स्वस्थ बसून राहणेही परवडत नाही. टेस्ला २०१६ पर्यंत 'टेस्लामोटर्स डॉट कॉम' वापरत होती, आणि मनाजोगते डोमेन मिळवायला दहा वर्षांहून अधिक काळ व १.१ कोटी डॉलर लागले, असे इलॉन मस्क यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. विकणारा किंमत सांगतो ती समोरच्या गिऱ्हाइकाची ऐपत पाहून. शब्द तोच राहतो. त्यामुळे माझ्या मते योग्य वेळ मधली आहे: ग्राहक पैसे देऊ लागले आहेत, नाव टिकणार याची खात्री पटली आहे, पण मोठी गुंतवणूक मिळाल्याची बातमी अजून बाहेर पडलेली नाही. तेव्हा मध्यस्थामार्फत, आपली ओळख उघड न करता बोलणी करावीत आणि रक्कम एस्क्रो खात्यातून, म्हणजे डोमेन हाती येईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे राहतात अशा खात्यातून, द्यावी. एकरकमी खरेदी झेपत नसेल तर डोमेन भाड्याने घेऊन, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क करारात लिहून घेता येतो. हा करार तर अगदी पहिल्या दिवशीही करता येतो, आणि नेमक्या याच वाटेकडे नवउद्योजक सर्वांत कमी पाहतात.

'नंतर ट्रेडमार्कच्या जोरावर डोमेन काढून घेऊ' या भरवशावर राहू नये. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या १९९९ पासूनच्या तंटानिवारण धोरणात समोरच्याने डोमेन वाईट हेतूने नोंदवले आणि वापरले, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. तुमच्या ट्रेडमार्कचा जन्म होण्यापूर्वीच ज्याने ते घेतले, त्याच्या बाबतीत हे सहसा जमत नाही. मुदत संपण्याची वाट पाहणेही बेभरवशाचे, कारण मुदत संपल्यावरही मालकाला नूतनीकरणाची सवलत असते आणि त्यानंतर डोमेन परत मिळवण्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात.

एका परिस्थितीत मात्र मी थांबायलाच सांगेन. ते डोमेन तुमच्याच क्षेत्रातल्या चालू व्यवसायाकडे असेल, तर तुमच्या ग्राहकांचे ईमेल त्यांच्याकडे जाणार, तुमच्या जाहिरातीचा फायदा त्यांना होणार आणि ट्रेडमार्कचा दावा झालाच तर तो तुमच्यावर होणार. तिथे डोमेनच्या मागे न लागता व्यवसायाचे नावच बदलावे, आणि तेही पहिली पावती फाडण्याआधी.