मी त्या बाईला ओळखत नाही

आज जरा लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते, वेळ असेल तरच वाचा. दोन-तीन महिने हे डोक्यात घोळतंय आणि ज्या गोष्टीवरून सुरू झालं ती खरं तर सांगायलाही लाज वाटते इतकी फालतू आहे.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कॉयरमध्ये (गाणाऱ्यांच्या गटात) मी बरीच वर्षं लीड गाते. गायचे, असं म्हणायला हवं. मध्यंतरी एक कॉलेजची मुलगी आली, गळा खरंच छान, आणि पाळक साहेब एका रविवारी सहज म्हणाले की पुढच्या वेळेपासून लीड हिला देऊया, तुम्ही मागून सांभाळून घ्या. मी हसून "हो हो, अगदी, प्रभूचीच सेवा आहे, कुणी का करेना" असं म्हटलं आणि घरी येऊन तीन दिवस कुणाशी धड बोलले नाही. भांडी आपटली. प्रार्थनेला बसले तर तिथेही त्या पोरीच्या चुकाच मोजत होते, म्हणजे प्रार्थना कसली, देवाला रिपोर्ट देत होते म्हणा ना. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, अगं पण तू गात होतीस ते कुणासाठी? मी उत्तर दिलं नाही कारण उत्तर मला माहीत होतं.

आता बघा, मला कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं. माझं मी कमावते, माझं मी ठरवते, कुणाची परवानगी लागत नाही. आणि तरी एका मुलीच्या तीन मिनिटांच्या गाण्याने माझे तीन दिवस स्वतःच्या ताब्यात घेतले, आणि त्या बिचारीला ह्याचा पत्ताही नाही. ह्याला स्वतंत्र म्हणायचं?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे, तो मला आता वाचताना हसूच येतं. येशू म्हणतो सत्य तुम्हाला मोकळं करेल, तर समोरचे लोक चिडतात, म्हणतात आम्ही अब्राहामाची संतती, आम्ही कधीच कुणाचे दास नव्हतो! कधीच नाही? अरे बाबांनो मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम म्हणून काय केलंत, बाबेलला कैद करून कुणाला नेलं होतं, आणि आत्ता ह्या क्षणी रोमी शिपाई तुमच्याच रस्त्यावरून फिरतायत की. पण येशू त्यांना रोमची आठवण करून देत नाही हे मला फार विशेष वाटतं. तो म्हणतो जो पाप करतो तो पापाचा दास. म्हणजे साखळी बाहेर शोधू नका. रोम उद्या गेलं तरी ही साखळी तशीच राहील, आणि ती इतकी आतली आहे की माणूस छाती ठोकून सांगतो मी तर कधीच बांधलेला नव्हतो. मीही तेच सांगत होते.

आपण स्वातंत्र्य म्हणजे काय समजतो, मनाला येईल ते करणं. ठीक आहे. पण मनाला काय यावं हे कोण ठरवतं? मला राग यायला नको होता, आला. हेवा वाटायला नको होता, वाटला. फोन बाजूला ठेवायचा होता, रात्री दीडपर्यंत हातात होता. मनाला येईल ते मी करत होते हे खरं, फक्त ते मन माझ्या हातात नव्हतं. प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं वाक्य आहे ना, सगळ्याची मला मोकळीक आहे पण मी कशाच्याही अधीन होणार नाही, त्यातला पहिला अर्धा भाग आपल्याला फार आवडतो.

अर्ध्या वाक्याची ही आपली जुनी खोड आहे. इस्राएली लोकांना गुलामीतून सोडवायला आलेला मोशे फारोसमोर, म्हणजे मिसरच्या राजासमोर, उभा राहून काय म्हणतो असं कुणालाही विचारा, सगळे सांगतील, "माझ्या लोकांना जाऊ दे". बरोबर. पण बायबलमधलं निर्गम हे पुस्तक उघडून बघा, सातव्या अध्यायापासून दहाव्यापर्यंत हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं आणि ते तिथे संपत नाही. माझ्या लोकांना जाऊ दे, म्हणजे ते माझी सेवा करतील. ह्या सेवेसाठी मूळ हिब्रू शब्द ज्या धातूचा आहे, त्याच धातूचा शब्द मिसरातल्या त्यांच्या गुलामीसाठी, त्या विटा थापण्यासाठीही येतो. शब्दाचं घराणं एकच, फारोसाठी राबणंही तेच आणि देवाची उपासनाही तेच! मला हे कळलं तेव्हा मी दोन मिनिटं पुस्तक मिटून बसले होते. म्हणजे देव त्यांना "आता तुमचे तुम्ही, करा काय करायचं ते" असं म्हणून सोडत नाहीये. मालक बदलतोय. कुणाचीच सेवा न करणारा माणूस हा पर्यायच त्या गोष्टीत नाही, आणि खरं सांगू, मी तरी आयुष्यात असा माणूस पाहिलेला नाही, कुणी पैशाची करतो कुणी लोकांच्या मताची कुणी मुलांच्या मार्कांची, आणि माझ्यासारखी एखादी स्वतःच्या आवाजाची करते आणि त्याला देवाची सेवा म्हणते.

मग दोन मालकांत फरक काय? फरक साधा आहे आणि प्रचंड आहे. फारोने विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद केलं आणि विटा तितक्याच मागितल्या. देवाने त्यांना सातवा दिवस दिला, आणि अनुवाद नावाच्या बायबलमधल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारणही दिलंय की तू मिसरात दास होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासाला, दासीलाही विसावा मिळू दे. विसावा घे अशी आज्ञा करणारा मालक! माझ्यातल्या "मी"ने मला कधी एक दिवस सुट्टी दिली नाही. तो फारोच. कितीही कौतुक झालं तरी उद्या परत पाहिजे, पेंढा तुझा तू शोध.

आता आत्मत्याग ह्या शब्दाबद्दल. आपल्या बायबलमध्ये शब्द फार भारदस्त आहे, ऐकला की डोळ्यासमोर गुहा, उपास, काटेरी अंथरूण असलं काहीतरी येतं. किंवा मग लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत चहा सोडणं, आणि सोडलाय हे सगळ्यांना कळेल ह्याची काळजी घेणं (केलंय मी हेही). पण मार्क 8:34 मध्ये येशू जे क्रियापद वापरतो, स्वतःला नाकारावं, तेच क्रियापद पुढे चौदाव्या अध्यायात येतं. कुठे माहितीये? येशूचा शिष्य पेत्र त्याला नाकारतो, त्यासाठी. कोंबडा दोनदा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, तिथे. आणि पेत्राने नाकारलं म्हणजे काय केलं, तर शेकोटीजवळ उभा राहून शपथा घेत म्हणाला, मी ह्या माणसाला ओळखत नाही. बस, एवढंच. त्याने येशूला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, ओळख दाखवायचं नाकारलं, संबंध नाही म्हणाला.

म्हणजे स्वतःला नाकारणं म्हणजे स्वतःला मारझोड करणं नाही, मी किती वाईट मी किती पापी असं दिवसभर घोकणं तर नाहीच (त्यातही विषय "मी"च असतो बघा). तर तो आतला "मी" जेव्हा हुकूम घेऊन दारात येतो, तुझा अपमान झालाय, तुझी जागा गेलीय, चल ऊठ, काहीतरी कर, तेव्हा त्याला सांगणं की मी तुला ओळखत नाही. तू माझा मालक नाहीस. दुःख वाटेल, ते वाटू दे, पण हुकूम ऐकणार नाही. पेत्राने चुकीच्या माणसाला नाकारलं त्या रात्री. शेकोटीजवळचा घाबरलेला पेत्र नाकारायचा होता आणि त्याने प्रभूला नाकारलं. दोघांपैकी एकालाच ओळख दाखवता येते असा तो क्षण होता, आणि असे क्षण आपल्याला रोज येतात. लूकने आपल्या शुभवर्तमानात स्वतःला नाकारण्याच्या त्याच वाक्यात "दररोज" हा शब्द घातलाय तो उगाच नाही.

इथे मला थांबून एक गोष्ट जरा चढ्या आवाजात सांगायचीय. हाच शब्द आपल्याकडे, म्हणजे चर्चच्या आत, लोकांना दाबायला वापरला जातो. नवरा मारतो? ताई, वधस्तंभ उचला, सहन करा. पुढारी हिशोब देत नाहीत? नम्र व्हा, अधीन राहा. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्याला आत्मत्यागाचा उपदेश करणाऱ्या माणसाने तो उपदेश आधी आरशासमोर करून बघावा. आणि वचनातही हे बसत नाही. योहान 10:18 वाचा, येशू आपल्या प्राणाबद्दल म्हणतो की तो माझ्यापासून कुणी घेत नाही, मी होऊन तो देतो. जे हिसकावून घेतलं जातं ते अर्पण नसतंच. आणि येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग कसा सुरू होतो बघा, पित्याने सगळं माझ्या हाती दिलंय, मी देवाकडून आलो आणि देवाकडे जातोय, हे माहीत असून तो जेवणावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधला. म्हणजे आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक असलेला माणूस वाकतो. घाबरलेल्या माणसाचं वाकणं वेगळं, त्याला समर्पण म्हणत नाहीत. मार खाणाऱ्या बाईने त्या घरातून बाहेर पडणं ह्यात माझ्या मते आत्मत्यागाला कुठेही बाधा येत नाही.

पंडिता रमाबाईंचं ह्या बाबतीत मला फार वाटतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्याच चर्चच्या मोठ्या लोकांशी श्रद्धेच्या मुद्द्यांवरून पत्रांतून चांगली वादावादी केली. एका पुरोहितवर्गाचं जू एवढ्या कष्टाने मानेवरून काढलंय ते दुसऱ्याचं घालून घ्यायला नाही, असा त्यांचा सूर. म्हणजे माणसासमोर मान तुकवायला ही बाई तयार नाही. आणि तीच बाई पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, लिहिते की इतकी वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी सापडला. त्यानंतरचं आयुष्य बघा, 1896-97 च्या दुष्काळात शेकडो मुलींना आणून सांभाळणं, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलचं मराठी भाषांतर करत बसणं, 1922 मध्ये गेल्या तोवर तेच काम. स्वतःसाठी काही शिल्लक ठेवलं नाही आणि कुणाच्या बापाला घाबरल्या नाहीत. ह्या दोन गोष्टी मला आधी एकमेकींच्या विरुद्ध वाटायच्या. आता वाटतं की एकीमुळेच दुसरी जमली असणार, ज्याच्याकडून काही काढून घेता येत नाही त्याला घाबरवणार कसं. बाईंनी संस्थेला नावही काय दिलं बघा, मुक्ती.

समर्पणाबद्दल अजून एक गैरसमज, माझाच होता म्हणून सांगते. मला वाटायचं समर्पण म्हणजे इच्छाच मारून टाकायची, देवा तू म्हणशील ते, मला काही वाटत नाही. मला काही वाटत नाही हे सरळ खोटं असतं. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशू आधी स्वच्छ सांगतो की हा प्याला माझ्यापासून टळू दे. मला हे नकोय. मत्तय सांगतो की एकदा नाही, तीनदा तो तीच प्रार्थना करायला गेला. आणि मग, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. त्या "तरी"च्या आधीचं सगळं बोलून टाकायची परवानगी आहे आपल्याला. मी ते कॉयरचं प्रकरण चौथ्या रात्री तसंच बोलले देवाशी, एकदम गावठी भाषेत, की मला ती जागा पाहिजे, मला ती पोरगी तिथे बघवत नाही, माझा आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही ह्याची मला भीती वाटते. शेवटचं वाक्य मला स्वतःलाही तोपर्यंत माहीत नव्हतं. खूप रडले आणि झोप लागली, तीन दिवसांनी पहिल्यांदा.

त्यानंतर काही चमत्कार वगैरे झाला नाही, हे साक्षीत सांगतात तसं "आणि त्या दिवसापासून" माझ्याबाबतीत नाहीये. पण काहीतरी सैल झालं एवढं नक्की. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात तो दास आहे ना, सहा वर्षं राबतो, सातव्या वर्षी सुटतो, आणि दार उघडं असताना म्हणतो की माझं माझ्या धन्यावर प्रेम आहे, मी जात नाही. मग त्याचा कान दाराच्या चौकटीला लावून आरीने टोचतात. पूर्वी मला तो मूर्ख वाटायचा. आता मी त्याच्या "जाऊ शकतो पण जात नाही" ह्या जागेकडे बघते. मीही कॉयर सोडू शकत होते, रागाने सोडणारच होते, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाइप करून ठेवला होता ग्रुपसाठी, अगदी गोड शब्दांत विष. डिलीट केला. मागच्या रांगेत जाऊन उभी राहते आता. तिथून काय दिसतं माहितीये, सगळ्यांच्या पाठी. आणि लोक गाताना खरंच कुठेतरी जातात हे मला पुढून इतकी वर्षं कधी दिसलंच नव्हतं, कारण मी लोक माझ्याकडे बघतायत का ते बघत होते.

परवाच्या रविवारी ती मुलगी दुसऱ्या कडव्याला घसरली, सूर सुटला, सगळ्यांना कळण्याइतका. आणि माझ्या आत कुणीतरी टुणकन उठून खूश झालं. अगदी ताबडतोब, अर्धा सेकंदही लागला नाही. इतक्या प्रार्थना, इतकं रडणं, आणि ही बया जागच्या जागी! मी तिला म्हटलं, बाई, मी तुला ओळखत नाही. गेलीच असं नाही, कोपऱ्यात उभी असेल. पण तोपर्यंत तिसरं कडवं आलं होतं आणि पोरीचा आवाज थरथरत होता, म्हणून मी मागून जरा मोठ्याने सूर धरला, तिला सापडेल इतका, आणि तिने तो घेतला.