‘पैसे कटले, तिकीट नाही, म्हणजे पैसे बुडाले’? अजिबात नाही!

आईच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. बसमध्ये यूपीआयने पैसे कटले आणि तिकीट आलं नाही तर ते बुडाले, बँकेला विचारताही येत नाही. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून ताबडतोब फोन केला तरच परत मिळतात. कटल्याचा स्क्रीनशॉट हेच तिकीट. आणि मेट्रोचं कार्ड घेऊच नका, हरवलं की पैसे गेले. खाली नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’. करू नका.

सगळ्यात घातक आहे तो फोनचा सल्ला. गूगलवर सापडणाऱ्या ‘कस्टमर केअर’ नंबरांत भामट्यांचे नंबर भरपूर असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि ‘रिफंड स्वीकारण्यासाठी’ पिन टाकायला सांगतो. खात्यात पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. वीस रुपयांच्या तिकिटापायी सगळं खातं रिकामं होतं. नंबर हवा असेल तर डेबिट कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये असतो तोच घ्या. फसवणूक झालीच असेल तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर लावा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.

आता ‘बँकेला विचारता येत नाही’. हे धडधडीत खोटं आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक नेमकं याच प्रकारासाठी आहे. दुकानदाराला, म्हणजे इथे बससेवेला, यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण तिकडे पोचल्याची खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तिकीट १५ रुपयांचं असलं तरी १००च. बारा दिवस उशीर झाला तर १,२०० रुपये. आणि ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बँका हे आपणहून सांगत नाहीत, म्हणून मागावं लागतं.

पण आधी एक गोष्ट तपासा. कंडक्टरच्या मशीनवरचा क्यूआर स्कॅन केल्यावर ‘पैसे मिळाले’ हा निरोप मशीनपर्यंत यावा लागतो. बस चालती असते, रेंज जाते, मशीन थांबून थांबून व्यवहार सोडून देतं आणि तिकीट छापलं जात नाही. अशा वेळी अ‍ॅपमध्ये ‘पेंडिंग’ किंवा ‘फेल्ड’ दिसत असेल तर वरचा नियम लागू. ‘सक्सेस’ दिसत असेल तर पैसे बहुधा बससेवेच्या खात्यात पोचलेत. तिथे बँकेशी भांडून उपयोग नाही, परतावा बससेवेकडेच मागायचा. तारीख, वेळ, मार्ग क्रमांक, बसचा नंबर आणि १२ आकडी यूटीआर क्रमांक (अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो तो) लिहून द्या. यूटीआर नसेल तर त्यांना तुमचे पैसे हिशोबात शोधता येत नाहीत.

चूक बँकेकडे असेल तर त्याच व्यवहारावर अ‍ॅपमधून तक्रार नोंदवा, मग बँकेकडे लेखी. तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साइटवर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. कंडक्टरला मशीनवर पुन्हा स्टेटस बघायला सांगा. पैसे पोचल्याचं तिथे दिसतच नसेल तर रोख देऊन तिकीट घ्या. तपासनीसाला तिकीटच दाखवावं लागतं आणि कंडक्टरचा हिशोबही मशीनवरच जुळतो. त्याच्याशी वाद घालू नका, यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

कार्डाबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. मेट्रोत चालणाऱ्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाची ऑफलाइन शिल्लक, म्हणजे प्रवासासाठी आधीच भरून ठेवलेले पैसे, कार्डाच्या चिपमध्येच असते. गेटवर टॅप करताना बँकेला विचारलं जात नाही, म्हणूनच गेट झटकन उघडतं. म्हणूनच कार्ड हरवलं तर ती शिल्लक बहुतेकदा जातेच. मग त्यात आठवड्याच्या प्रवासापुरतेच पैसे ठेवा. कार्ड घेऊच नये, असं काही त्यातून निघत नाही.

खरा प्रश्न मेसेजमध्ये आलाच नाही. तिकीट न छापता जमा झालेले पैसे बससेवेला तक्रारीशिवायही शोधता येतात: बँकेकडून आलेली जमा यादी आणि मशीनची तिकीट यादी एकमेकींशी ताडून बघायची. प्रवासी संघटनांनी आगारप्रमुखांकडे लेखी मागावं की ही जुळवणी रोज करा, न जुळलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत स्वतःहून परत करा, महिन्याला असे किती व्यवहार निघाले ते जाहीर करा, आणि तक्रारीचा खरा नंबर प्रत्येक बसमध्ये कंडक्टरच्या सीटमागे मोठ्या अक्षरांत लावा.