लकव्याची चाल कॉम्प्युटर सुधारतो? त्या व्हिडिओबद्दल खुलासा

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरालाय, स्क्रीनवर सांगाडा चालतोय, स्नायू लाल-निळे होतायत आणि खाली लिहिलंय की लकवा झालेल्याची चाल आता कॉम्प्युटरच नीट करतो, फिजिओथेरपी बंद करा. तसं काही नाही ओ!

असले सांगाडे ओपनसिमसारख्या सॉफ्टवेअरमधे बनतात, ते स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचं, 2007 पासून फुकट मिळतंय. पेशंटच्या अंगावर मार्कर (कॅमेऱ्याला दिसणारे छोटे चमकते गोळे) चिकटवून कॅमेऱ्यासमोर चालवतात, जमिनीतल्या प्लेटा पायाचा जोर मोजतात, मग कुठला स्नायू किती ओढतोय याचा कॉम्प्युटर हिशेब मांडतो, तोपण अंदाजच. लकव्यात पाऊल लोंबतं, बोटं घासतात (त्या पायाच्या चपलेचं टोक बघा, लवकर झिजतं), म्हणून माणूस कंबर उचलून पाय बाहेरनं फिरवून टाकतो. आता हे पोटरीचा रेटा कमी पडला म्हणून, की नडगीवरचा स्नायू पाऊल उचलेना म्हणून, हे शोधायला हे सांगाड्याचं मॉडेल कामाला येतं. लाल स्नायू म्हणजे काम करणारा, दुखणारा नव्हे.

म्हणजे ही तपासणी झाली, उपचार नव्हे. व्हिडिओ बघून घरातल्या म्हाताऱ्यांचा व्यायाम थांबवला असेल तर परत सुरू करा, आणि काय बदलायचं ते फिजिओवाल्यांनाच विचारा की.