‘कूलरचा पंखा आणि नळी’: सीपॅपच्या किमतीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही नाव दिलं नाहीत, पण ‘रामबागेत वाढलेला निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर’ असं लिहिलंत, म्हणून काकाच म्हणते. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत पुन्हापुन्हा श्वास अडण्याचा आजार, आणि त्यावरचं सीपॅप हे यंत्र यांवरचा माझा लेख तुम्हाला अजिबात आवडला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सीपॅप म्हणजे कूलरचा पंखा आणि नळी, तीन हजारांचा माल साठ हजारांना विकतात. घोरण्याला आजार ठरवून कंपन्यांनी बाजार मांडलाय. वजन उतरवा, अनुलोम-विलोम करा, यंत्राची गरजच नाही. माझ्यासारखे लोक कंपन्यांची फुकट जाहिरात करतात. आणि तुम्ही स्वतः चाळीस वर्षं घोरताय, तरी ठणठणीत आहात.

किमतीवरचा तुमचा राग मला पूर्ण पटतो. त्या रागातून ‘म्हणून यंत्र नकोच’ असं जे तुम्ही काढलंत, ते पटत नाही. तुमचं वाचून एखाद्याने वापरात असलेलं यंत्र माळ्यावर टाकलं तर, ही भीती वाटते म्हणून सविस्तर लिहिते.

पंख्याबद्दल तुम्ही फारसं चुकीचं बोललेला नाहीत. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये 5 रुग्णांवरचा हा उपचार ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हाच्या यंत्रात हवा ढकलायला व्हॅक्युम क्लीनरची मोटार होती. तत्त्व आजही तेच आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, आणि नाकावाटे दाबाने सोडलेली हवा ती उघडी धरते. दाब तरी किती, 4 ते 20 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. आजचं ऑटो यंत्र प्रत्येक श्वास मोजून दाब कमीजास्त करतं आणि उशीशेजारी रात्रभर फारसा आवाज न करता चालतं. त्याचा खर्च आहेच. पण सेन्सर, मोटार, चाचण्या सगळं धरलं तरी इंदूरच्या दुकानात त्याचे साधारण 40 ते 70 हजार का पडतात, हे मला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

बाबांसाठी यंत्र बघायला आम्ही दवा बाजाराच्या बाजूला एका दुकानात गेलो होतो. खोक्यावर छापलेली किंमत एक, तोंडी सांगितलेली दुसरी. मग ‘कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं?’ हा प्रश्न आला, आणि ‘कुणीच नाही’ म्हटल्यावर तिसरी. चिठ्ठीवर यंत्राच्या आकड्याखाली मास्क वेगळा, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर वेगळा. मास्कचंच काही हजारांचं बिल, आणि त्याची गादी झिजली की पुन्हा खर्च. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी घरी वापरायच्या यंत्राचे पैसे देत नाहीत.

हे थांबवता येतं, कारण आपल्याकडे ते थांबवलेलं आहे. 3 जून 2021 ला राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर व्यापारी नफ्याची मर्यादा घातली, 70 टक्के. त्याआधी तो नफा 198 टक्क्यांपर्यंत जात होता, असं सरकारनेच सांगितलं. पुढच्याच महिन्यात पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, नेब्युलायझर, थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर या पाचांवर तोच नियम आला, आणि त्यांत 709 टक्क्यांपर्यंत नफा आढळला होता. त्याआधी 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली होती. सीपॅप यांपैकी कुठल्याच यादीत नाही. 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे छापील किंमत वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हे खरं. पण लगाम वाढीवर आहे, सुरुवातीच्या आकड्यावर नाही. तो कंपनी हवा तेवढा ठेवते. माझं भांडण या जागेवर आहे, आणि तुमचंही असावं अशी माझी इच्छा आहे.

आता वजन. वजन उतरवाच, बाबांनाही तेच सांगितलं होतं. पण हिशोब बघा. विस्कॉन्सिनमधला 2000 सालचा मोठा अभ्यास आहे: वजन 10 टक्के घटलं तर तासाला श्वास अडण्याचं प्रमाण सरासरी 26 टक्क्यांनी उतरतं. बाबांचा आकडा 42 होता. 26 टक्के वजा केले तर 31 उरतो. तासाला 30 च्या वर म्हणजे तीव्र आजार. म्हणजे इतकी मेहनत करूनही ते त्याच गटात राहिले असते, आणि तोवरच्या रात्रींचं काय? घशाच्या व्यायामांनी काहींना थोडा फरक पडतो, त्यावर संशोधन आहे. अनुलोम-विलोम मात्र आपण जागेपणी करतो. वाट मिटते ती झोपेत, आपल्या ताब्यात काहीच नसताना.

आई अंधारात बाबांच्या छातीवर हात ठेवून बसायची. घोरणं अचानक थांबायचं. छाती वरखाली होत राहायची, पोट आत ओढलं जायचं, पण नाकाशी बोट धरलं तर वारा नाही. मग एकदम घरघर होऊन दचकून श्वास, आणि पुन्हा तेच. याला साधं घोरणं म्हणू नका, काका.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा तुम्ही मांडला नाहीत, तो मीच मांडते. 2016 मध्ये आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या सुमारे 2,700 रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यात सीपॅपने हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. दिवसा येणारी झोप कमी झाली, मन:स्थिती सुधारली. त्यामुळे ‘यंत्र घ्या, हृदय वाचेल’ असं दुकानदार सांगत असेल तर तो जास्तीचं सांगतो आहे. पण त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी 3.3 तासच लावलं होतं, हेही वाचायला हवं. मास्क नीट बसत नाही, नाकाच्या हाडावर वळ उठतो, डोळ्यांत वारा जातो, आणि लोक यंत्र बाजूला ठेवतात. साठ हजार तेव्हा खरे वाया जातात. म्हणून आधी भाड्याने घ्या, वेगवेगळे मास्क लावून दुकानातच आडवं पडून बघा, मग पैसे मोजा. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तो फरक बिलात उतरलाय का हेही विचारा. जुनं यंत्र घेत असाल तर 2021 मध्ये फिलिप्सने आतल्या फोममुळे परत मागवलेल्या मॉडेलांपैकी ते नाही ना, एवढं तपासा.

राहिलं तुमचं चाळीस वर्षांचं घोरणं. काकूंना विचारा, ते मध्येच थांबतं का. दुपारी पेपर वाचताना डुलकी लागते का, बीपीच्या गोळ्या वाढत चालल्या आहेत का, हे तुम्हीच बघा. उत्तर ‘हो’ असेल तर छातीरोगतज्ज्ञांना विचारून झोपेची चाचणी करून घ्या. चाचणी केली म्हणून यंत्र घ्यायलाच हवं असं कुठे आहे?

आणि एक विनंती. सीपॅप त्या नफामर्यादेच्या यादीत घालावं, असं निवेदन मी प्राधिकरणाला पाठवते आहे. मोटार, सेन्सर, प्लास्टिक, नळी यांचा खर्च किती असावा, याचा एका इंजिनिअरने मांडलेला अंदाज त्याला जोडायचा आहे. तीन हजारांचा आकडा तुम्ही कशावरून काढलात, ते तपशीलवार लिहून द्याल का?