भिंतीवर काहीतरी अरबी लिहून घ्या

दहशतवादावर मालिका लिहायला घेताय? घ्या की. अभ्यासाची धास्ती मात्र बाळगू नका, या धंद्यात अभ्यासाने गोष्ट बिघडते.

सुरुवात 'मध्यपूर्वेत' करा. पडद्यावर पिवळट छटा, मागून अजान, कोपऱ्यात एखादी शेळी. शहराचं नाव बिनधास्त खरं द्या, शूटिंग सोयीच्या गावी उरका. 'होमलँड' या अमेरिकी मालिकेवाल्यांनी २०१२ साली बैरूतचा हमरा रस्ता बंदूकधाऱ्यांनी भरलेला दाखवला आणि तो चित्रित केला इस्रायलमध्ये. खऱ्या हमरावर कॅफे आणि कपड्यांची दुकानं आहेत. लेबनॉनचे पर्यटनमंत्री खटल्याची भाषा करू लागले. करू देत.

आता खलनायक. त्याला पाठदुखी, घराचे हप्ते, मुलीच्या गणिताची काळजी असलं काही चिकटवू नका. माणूस वाटायला लागला की शेवटच्या भागात मारायला जड जातो. नमाज तेवढी पढवा, तीही स्फोटाच्या आधी, संथ लयीत. अफगाण असला तरी अरबीच बोलू दे. पश्तो की दारी, विचारतंय कोण? पगडीवाला शीख मिळाला तरी भागून जाईल. (११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावात एका शिखाला पगडी-दाढी बघून गोळ्या घातल्या गेल्या. त्या मारेकऱ्यालाही तपशिलाचं वावडं होतं.)

बोंब होऊ नये म्हणून एक 'चांगला मुसलमान' हाताशी ठेवा. तो हिरोच्याच खात्यात हवा, दर भागात त्याने आपली निष्ठा नव्याने सिद्ध करावी आणि शेवटून दुसऱ्या भागात मरावं. हिरोला असली परीक्षा नसते. तो कायदा मोडतो तोही देशासाठीच.

युद्ध तीन सेकंदांत आटपा. हिरोच्या स्वप्नात इराकची धूळ उडते, मित्र कोसळतो, हिरो घामाघूम होऊन उठतो. ज्यांच्या घरावर ते युद्ध झालं त्यांना स्वप्नं पडत नाहीत. त्यांना संवादच दिलेले नाहीत.

खरी मजा छळात. त्यासाठी घड्याळ लागतं, ही '२४' या मालिकेची देणगी. बॉम्ब फुटायला दहा मिनिटं उरली, हिरोने बोट मोडलं की पत्ता मिळालाच, मजल्यासकट. मार थांबावा म्हणून माणूस वाटेल ते कबूल करतो, हे लिहिलंत तर जाहिरातीआधी भाग संपेल. सीआयएच्या छळातून उपयोगाचं काही हाती लागलं नाही, उलट कैद्यांनी खोटीनाटी माहिती पुरवली, असं अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१४ मध्ये सांगितलं, पण अहवालाला पार्श्वसंगीत नसतं.

कुणी समजवायला आलंच तर? २००६ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन '२४'च्या मंडळींना भेटायला गेले. तुमचं बघून आमच्या कॅडेटना छळ योग्य वाटायला लागलाय, जरा आवरा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. कडक गणवेश, छातीवर पदकं. सेटवरच्या कुणीतरी त्यांना नट समजून विचारलं, तुमची शूटिंगला हजर व्हायची वेळ कितीची?

उरलं नेपथ्य. ते अस्सल हवं, त्यात कसूर नको. २०१५ मध्ये 'होमलँड'ला बर्लिनजवळच्या सेटवर सीरियन निर्वासितांची छावणी उभारायची होती. अरबी लिहिणारे चित्रकार बोलावले, म्हटलं भिंती रंगवा. त्यांनी मनापासून रंगवल्या. एका ठिकाणी लिहिलं, 'होमलँड वर्णद्वेषी आहे.' दुसरीकडे, 'होमलँड म्हणजे कलिंगड', म्हणजे त्यांच्या बोलीत फालतू माल. सेट लावणाऱ्यांना ती सुबक नक्षी वाटली. ऑक्टोबरमध्ये भाग प्रसारित झाला, नायिका त्या भिंतीजवळून गंभीर चेहऱ्याने चालत गेली. शेवटी चित्रकारांनाच जगाला सांगावं लागलं की आम्ही काय लिहिलंय.

तेव्हा भिंती रंगवून घ्याच. फक्त कुणाकडून वाचून घेऊ नका.