स्टुलावरून न उठणारा बॉक्सर भेकड नसतो

एखादी मोठी लढत घंटा वाजूनही पुढे सरकली नाही, बॉक्सर स्टुलावरच बसून राहिला किंवा गुडघा टेकून त्याने रेफरीला दहा आकडे मोजू दिले, की एक मजकूर लगेच फिरायला लागतो. ‘खरा बॉक्सर हार मानत नाही. एका ठोशाने सामना फिरतो, म्हणून शेवटच्या घंटेपर्यंत लढायचं. मध्येच थांबला त्याची कारकीर्द तिथेच संपली. तिकीट काढून आलेल्यांची फसवणूक होते ती वेगळीच. आणि जिवावर बेतलंच तर थांबवायला रेफरी असतोच.’ वाचताना अंगात वीरश्री संचारते हे खरं. पण यातलं पहिलं वाक्य सोडलं तर उरलेले चारही मुद्दे तपासता येतात, आणि ते तपासायलाच हवेत, कारण हे वाचणाऱ्यांत नुकतेच ग्लव्ह्ज चढवलेली मुलंही असतात.

एका ठोशाने सामना फिरतो, हे मला मान्य आहे. 17 मार्च 1990 रोजी हुलिओ सेझर चावेझविरुद्ध मेल्ड्रिक टेलर गुणांवर पुढे होता. शेवटच्या फेरीत चावेझच्या ठोशाने तो पडला. बाराव्या फेरीची शेवटची 2 सेकंदं उरली असताना रेफरीने लढत थांबवली आणि चावेझ जिंकला. 1994 मध्ये 45 वर्षांचा जॉर्ज फोरमन मायकेल मूररविरुद्ध मागे होता. दहाव्या फेरीत त्याने मूररला झोपवलं आणि हेवीवेट विजेतेपद परत मिळवलं. पण चावेझ काय किंवा फोरमन काय, दोघेही मागे होते ते गुणांत. पाय जागेवर होते, डोळ्यांना दिसत होतं, हातात ठोसा शिल्लक होता. ‘हरतोय’ या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या अवस्था कोंबतो: गुणांत मागे पडणं आणि शरीर मोडत जाणं. पहिल्या अवस्थेत लढत राहा, असं मीही म्हणेन. दुसऱ्या अवस्थेतल्या माणसाकडे तो सामना फिरवणारा ठोसा मारायला लागणारी ताकदच उरलेली नसते.

चावेझची ती लढत टेलरच्या बाजूने पाहिली तर आणखी काही दिसतं. गुणांवर पुढे असलेला तो माणूस फेरीगणिक रक्त गिळत होता, चेहरा सुजत चालला होता. गुण त्याच्या बाजूचे होते, शरीर नव्हतं. त्यानंतर तो पूर्वीचा टेलर कधीच राहिला नाही, आणि पुढे त्याचं बोलणंही अडखळू लागलं.

आता कारकीर्द संपते हा मुद्दा. 1 एप्रिल 2000 रोजी बर्लिनमध्ये विताली क्लिचको ख्रिस बर्डविरुद्ध गुणांवर स्पष्ट पुढे असताना नवव्या फेरीनंतर थांबला. खांद्याचा स्नायू फाटला होता. त्याला भित्रा म्हटलं गेलं. पुढे तो डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा हेवीवेट विजेता झाला आणि 45 विजय, 2 पराभव अशा नोंदीवर निवृत्त झाला. डॅनियल दुबॉ 2020 मध्ये जो जॉइसविरुद्ध दहाव्या फेरीत गुडघ्यावर बसला. काही माजी बॉक्सरांनीच त्याला नावं ठेवली. तपासणीत डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडल्याचं निघालं. चार वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये वेम्बलीवर, आयबीएफ या दुसऱ्या जागतिक संघटनेचा विजेता म्हणून त्याने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत आडवं केलं. त्या रात्री तो तसाच ठोसे खात राहिला असता तर डोळा वाचला असता का, हा प्रश्न त्याला नावं ठेवणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

रोबर्तो दुरानचं उदाहरण मात्र अवघड आहे, आणि ते टाळायचं नाही. नोव्हेंबर 1980 मध्ये शुगर रे लेनर्डविरुद्ध आठव्या फेरीत त्याने पाठ फिरवली, तेव्हा तो गुणांत फक्त एक-दोननेच मागे होता. पोटात कळा येत होत्या, असं त्याने सांगितलं. त्याचं ते थांबणं मला आजही पटत नाही. पण कारकीर्द? ती संपली नाही. 1983 मध्ये आणि पुन्हा 1989 मध्ये त्याने विश्वविजेतेपदं जिंकली.

तिकिटाच्या पैशांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. प्रेक्षक लढत पाहायला पैसे देतात, माणूस मोडेपर्यंत पाहायचा हक्क विकत घेत नाहीत.

रेफरी आहेच, हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. रेफरी बाहेरून पाहतो. कवटीच्या आत फुटलेली रक्तवाहिनी त्याला दिसत नाही. रक्त हळूहळू साचतं, मेंदू दाबला जातो, आणि तोवर माणूस उभा असतो, हातही चालवत असतो. 25 फेब्रुवारी 1995 रोजी लंडनमध्ये जेराल्ड मॅक्लेलनने पहिल्याच फेरीत नायजेल बेनला रिंगबाहेर फेकलं होतं. दहाव्या फेरीत तोच मॅक्लेलन वारंवार डोळे मिचकावत दोनदा गुडघ्यावर बसला आणि दुसऱ्यांदा उठला नाही. पाहणाऱ्यांपैकी काहींना तेव्हा वाटलं, हा लढत सोडतोय. थोड्याच वेळात तो आपल्या कोपऱ्यात कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. शस्त्रक्रियेने जीव वाचला, दृष्टी गेली, ऐकू येणंही जवळजवळ गेलं. ती दृश्यं पुन्हा पाहताना ते डोळे मिचकावणं मला बघवत नाही.

1982 मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध दुक कू किम चौदाव्या फेरीत पडला आणि दोरीला धरून उठला. रेफरीने तेव्हा लढत थांबवली. किम काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने विजेतेपदाच्या लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आणल्या आणि इतर संघटनांनीही पुढे तेच केलं.

मग थांबायचं कुणी ठरवायचं? बॉक्सरवर एकट्यावर ते सोडता येत नाही. डोक्याला मार बसलेल्याला आपण कितपत शुद्धीत आहोत हेच नीट कळत नाही. जुलै 2019 मध्ये अकराव्या फेरीनंतर बडी मॅकगर्ट हा ट्रेनर मॅक्सिम दादाशेवला थांबण्यासाठी विनवत होता आणि दादाशेव मान हलवून नकार देत होता. मॅकगर्टने त्याचं ऐकलं नाही, लढत थांबवली. तरीही चार दिवसांनी दादाशेव गेला. एक-दोन फेऱ्या आधी थांबला असता तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण ‘खरा बॉक्सर हार मानत नाही’ हे लहानपणापासून कानावर पडलेला माणूस आधी थांबेल तरी कसा? आणि लढत थांबवण्यासाठी रिंगमध्ये फेकायचा टॉवेल हातात धरलेला ट्रेनरही याच वाक्यापायी आणखी एक फेरी वाट पाहतो.

1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिलात मुहम्मद अलीविरुद्ध चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा जो फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटत आला होता, आणि डावा आधीपासूनच अधू होता. येणारा ठोसा त्याला दिसत नव्हता. उरली होती एकच फेरी, आणि फ्रेझरला ती लढायची होती. त्याचा ट्रेनर एडी फचने त्याला बसवलं आणि सांगितलं, बाळा, संपलं, आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही. फ्रेझरने त्या निर्णयाला विरोध केला होता. त्यानंतर तो 36 वर्षं जगला.